परदेशी विद्यापीठांचा नकार आणि पुढचे वर्ष

परदेशी शिक्षणाच्या वाटेवर विद्यार्थ्याला नकार एकाच ठिकाणी मिळतो असे नाही. विद्यापीठ प्रवेश नाकारते, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव येत नाही, बँक कर्ज नाकारते, आणि हे सगळे जमून आल्यावर दूतावास व्हिसा नाकारतो. या चौघांचे निकष वेगळे असतात, कागद वेगळे असतात आणि नकारानंतर मोकळे राहणारे मार्गही वेगळे असतात. घरात आणि गल्लीत मात्र चारही नकारांसाठी एकच वाक्य वापरले जाते : ‘त्याचं काही झालं नाही.’ नकार कोणाचा आणि कशाबद्दलचा, हे या वाक्यात हरवते. पुढचे पाऊल ठरते ते नेमके त्यावरच. म्हणून या व्याख्यानात आधी विद्यापीठाच्या नकाराची उकल केली आहे, मग या वाटेने पूर्वी गेलेल्या काही जणांच्या हकिगती घेतल्या आहेत, त्यानंतर उरलेले तीन नकार पाहिले आहेत आणि शेवटी नकारानंतरच्या वर्षाचा विचार केला आहे.

विद्यापीठाचा नकार हा मुळात जागांच्या हिशेबातून येतो. हार्वर्डच्या पदवी अभ्यासक्रमासाठी २०२४ च्या प्रवेशफेरीत ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला, म्हणजे शंभरातल्या चौघांनाही नाही. उरलेले बावन्न हजार विद्यार्थी नालायक होते, असे ते विद्यापीठही म्हणत नाही. अमेरिकेतल्या पदवी अभ्यासक्रमांत आणखी एक गोष्ट असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला आर्थिक मदत लागेल की नाही याचा विचार करत नाहीत. बहुतेक ठिकाणी तो केला जातो. तिथे फी माफीची मागणी करणारा अर्ज आणि पूर्ण फी भरू शकणारा अर्ज एकाच मापाने मोजले जात नाहीत. गुण सारखे असूनही एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार मिळतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते; पत्रात ते लिहिलेले नसते. पीएचडीच्या अर्जात जागा मार्गदर्शकाच्या हाती असते. त्या वर्षी त्याच्याकडे प्रकल्पाचा पैसा नसेल, किंवा तो रजेवर असेल, तर अर्ज कितीही चांगला असला तरी जागा निघत नाही.

जर्मनीत चित्र वेगळे आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नगण्य असते, त्यामुळे मराठवाड्यातल्या मध्यमवर्गीय घरांचा ओढा अलीकडे तिकडे वाढला आहे. भारतीय गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर ‘सुधारित बव्हेरियन सूत्रा’ने केले जाते. त्यात कमाल गुणांतून मिळवलेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही काठावरची. समजा, एका विद्यार्थ्याला ६८ टक्के आहेत आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० आहे. ३२ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १ असे केले की २.६ येतात. ज्या अभ्यासक्रमाची अट २.५ ची आहे तिथे हा अर्ज पुढे सरकणार नाही. त्याच ६८ टक्क्यांना किमान मर्यादा ३५ धरली तर उत्तर २.४८ येते, आणि ५० धरली तर २.९२. ट्रान्सक्रिप्टवर उत्तीर्णतेची मर्यादा स्पष्ट छापलेली नसेल आणि अर्ज तपासणाऱ्याने ती चुकीची धरली, तर विद्यार्थ्याचे वर्ष त्या एका आकड्यावर जाऊ शकते. परीक्षा विभागातून गुणपद्धतीचा दाखला वेगळा मागून घेणे हे काम कंटाळवाणे असले तरी ते हेतुपत्राच्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज) दहाव्या मसुद्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. जर्मनीत आणखी एक सोय आहे, तिची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते. सरकारी विद्यापीठाचा निर्णय हा तिथे प्रशासकीय निर्णय मानला जातो. नकाराच्या पत्राच्या तळाशी त्याविरुद्ध दाद कुठे आणि किती मुदतीत मागायची हे सहसा लिहिलेले असते. गुणांच्या रूपांतरात चूक असेल तर ती कळवता येते.

नकारासारखे दिसणारे प्रत्येक पत्र नकाराचे नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. प्रतीक्षा यादी, सशर्त होकार, निर्णय पुढे ढकलल्याचे पत्र, मागितलेल्याऐवजी दुसरा अभ्यासक्रम देऊ करणारे पत्र हे सगळे उघडे दरवाजे आहेत. अमेरिकेतल्या अनेक पदव्युत्तर विभागांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीसह मिळालेल्या होकाराला उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. त्या तारखेच्या आसपास अनेक जण हातातल्या जास्तीच्या जागा सोडतात आणि प्रतीक्षा यादी हलते. ब्रिटनमध्ये पदवीसाठी एका अर्जात पाच पर्याय देता येतात, आणि पाचही हुकले तरी उन्हाळ्यात रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी ‘क्लिअरिंग’ नावाची फेरी असते. मार्चमध्ये आलेले पत्र न वाचताच फोन बंद करून बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून या तारखा निसटतात.

मराठी माणसांच्या परदेशी शिक्षणाचा इतिहास यशाच्या क्रमाने सांगितला जातो. तो नकारांच्या क्रमाने सांगितला तर जास्त खरा ठरतो.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण आधी घ्यावे. १८८० च्या सुमारास गोपाळराव जोशी यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ती मिळाली नाही. धर्मांतर केले तर विचार करता येईल, अशा अर्थाचे उत्तर आले. आजच्या भाषेत तो सशर्त नकार होता, आणि अट मान्य होण्यासारखी नव्हती. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो अंक दंतवैद्याकडे बसल्या असताना वाचला आणि कल्याणच्या या मुलीला स्वतःहून पत्र पाठवले. आनंदीबाईंचा अमेरिकेतला पहिला आसरा याच कार्पेंटर कुटुंबाचा होता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून जहाज पकडले आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांना एम.डी. पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले, आणि ते दुःख मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की नकाराचा तो पत्रव्यवहार पेटीत बंद राहिला असता, तर तो ज्या व्यक्तीच्या नजरेस पडायला हवा होता तिच्यापर्यंत कधीच पोचला नसता.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याही १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्यानेच इंग्लंडला गेल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येत होते आणि ते वाढत चालले होते. त्या कारणाने वैद्यकाचा मार्ग बंद झाला. हा नकार प्रयत्नाने फिरवता येण्यासारखा नव्हता. रमाबाईंनी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवले, स्वतः शिकल्या, १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिले आणि त्या पुस्तकाच्या व व्याख्यानांच्या बळावर जमलेल्या निधीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. डॉक्टर होण्याची इच्छा अपुरी राहिली, ती राहिलीच. नकारामुळेच पुढचे थोर काम घडले असे म्हणणे हा त्या नकाराला उगाच मोठेपणा देणे होईल. ज्या रमाबाईंनी शारदा सदन उभे केले त्या डॉक्टर म्हणूनही मोठ्याच झाल्या असत्या.

नाशिकजवळ जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी नोंदवले आहे की पदवी परीक्षेत सर्वाधिक गुण मिळूनही इंग्लंडच्या सरकारी शिष्यवृत्तीचा हक्क त्यांना नाकारला गेला. त्यांनी अहमदाबादला गुजरात कॉलेजात अध्यापन केले, इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते; कॉर्नेलियांना ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी मिळाली. हा नकार अन्यायाचा होता आणि तसे म्हटलेच पाहिजे. विद्यार्थ्याला प्रत्येक नकारात स्वतःचीच उणीव शोधायला लावणे हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण काही वेळा नकार देणाऱ्याच्या नियमातच खोट असते.

छत्रपती संभाजीनगरच्या श्रोत्यांना सर्वांत जवळचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवली होती. ही परवानगी हा या हकिगतीतला कळीचा कागद आहे. परतल्यावर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पैसे यांच्या जोरावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये तो दुरुस्तीसाठी परत आला. ब्रिटिश धोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना खुपली होती, असे चरित्रकारांनी म्हटले आहे. हातातले पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईला आले, निष्कर्षांना हात न लावता त्यांनी मांडणी बदलली, प्रबंध परत पाठवला, आणि १९२३ सालच्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती. मांडणी बदलायची पण म्हणणे सोडायचे नाही, हा भेद ज्याला जमला त्याला परत आलेल्या अर्जाचे काय करायचे ते समजले. त्यांनीच १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली. त्यापूर्वी निजामी राजवटीत इथल्या मुलांना इंटरमीजिएटच्या पुढे शिकायचे तर हैदराबादचा रस्ता धरावा लागे, आणि तो ज्यांना परवडत नसे त्यांना पत्राविनाच नकार मिळत असे.

शिष्यवृत्तीच्या नकाराची गोष्ट आजही बरीचशी पैशांची आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या ७५ जागा आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा १२५ आहेत. २०२५-२६ साठी केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड झाली, पण पहिल्या टप्प्यात ४० जणांनाच हंगामी पत्रे देण्यात आली. बाकीच्यांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर ठेवली गेली. विद्यापीठाचा होकार हातात आहे, निवड यादीत नाव आहे, आणि तरी सत्र सुरू होण्याच्या तोंडावर जाता येईल की नाही हे माहीत नाही, ही अवस्था सरळ नकारापेक्षा वाईट असते. अशा वेळी विद्यापीठाला लगेच पत्र लिहून प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवण्याची विनंती करावी. अनेक विद्यापीठे ती मान्य करतात. मुदत उलटल्यावर केलेली विनंती मात्र सहसा मान्य होत नाही. १८९२ मध्ये सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंटचा कर्जशिष्यवृत्तीचा मार्ग आजही चालू आहे. त्याच्या पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

बँकेच्या नकाराला या शहरात स्वतःचा असा रंग आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक सहसा तारण मागते. शहागंज, राजाबाजार, सिटी चौक या जुन्या भागातली घरे तीन-तीन पिढ्यांच्या एकत्रित नावावर असतात. वाटणीपत्र झालेले नसते, मालमत्ता पत्रकावर वारलेल्या आजोबांचे नाव तसेच असते, आणि एका चुलत्याची सही मिळाली नाही की फाइल परत येते. शहराच्या भोवतालच्या वसाहतींत घर गुंठेवारीचे असते आणि नियमितीकरण झाले नसेल तर बँक ते तारण म्हणून धरत नाही. हे सगळे होकार आल्यानंतर मे-जूनमध्ये कळते. अर्ज भरण्याआधीच, म्हणजे आदल्या दिवाळीच्या सुमारास, घराचे कागद बँकेत दाखवून आणले तर हा नकार पुष्कळदा टळतो. विद्यार्थ्याच्या गुणवत्तेशी त्याचा काडीचाही संबंध नसतो, पण त्याचे ओझे विद्यार्थीच वाहतो.

व्हिसाच्या नकाराचे नियम अगदी निराळे आहेत. अमेरिकेच्या कायद्याच्या २१४(बी) या कलमानुसार प्रत्येक अर्जदार तिथे स्थायिक व्हायलाच येतो आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. २०२४ च्या आर्थिक वर्षात जगभरातून आलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जांपैकी सुमारे ४१ टक्के नाकारले गेले. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी परवाने देण्याचे ठरवले. या आकड्यांमागे राजकारण आणि घरटंचाई आहे; मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकी वकिलातीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या उत्तरांना त्यात थोडीच जागा आहे. एक भेद मात्र नीट ध्यानात ठेवावा. एका विद्यापीठाचा नकार दुसऱ्या विद्यापीठाला सहसा कळवावा लागत नाही. व्हिसाचा नकार पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात विचारला जातो आणि तो खरा सांगावाच लागतो. लपवलेला नकार सापडला तर शिक्षा नकारापेक्षा मोठी असते. खोटी माहिती दिल्यास कॅनडात पाच वर्षांची आणि ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी येऊ शकते. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थी, त्यांत बहुतेक पंजाबचे, हद्दपारीच्या छायेत आले, कारण एजंटाने त्यांना दिलेली प्रवेशपत्रेच बनावट होती. नकाराने घायकुतीला आलेले घर अशा एजंटाच्या हाती सर्वांत लवकर सापडते. ‘रिजेक्शन झालेली केसही करून देतो’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

आता घराविषयी. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या बाजारात दुकान चालवणाऱ्या कुटुंबात मुलगा परदेशी जाणार ही बातमी अर्ज भरला त्याच आठवड्यात पसरते. गिऱ्हाईक विचारते, शेजारचा दुकानदार विचारतो, लग्नात मावशी विचारते. नकार आला की आई सांगते, ‘अजून उत्तर यायचंय.’ हे वाक्य मुलाला वाचवण्यासाठी असते, पण त्याला ते ऐकू येते ते लाज म्हणून. मग तो बाजारातून जाणे टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही, उशिरा उठतो. वडील रागावत नाहीत. ते फक्त अर्जांच्या शुल्काचा, परीक्षांचा आणि कन्सल्टन्सीचा हिशेब एकदा काढतात आणि गप्प होतात. हा गप्पपणा रागापेक्षा जड जातो. खर्च किती झाला आणि आणखी किती करता येईल हे घराने एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. विचारणाऱ्यांसाठी एकच खरे उत्तर ठरवावे : ‘यंदा नाही मिळालं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतोय’ किंवा ‘आता इथेच शिकायचं ठरवलंय.’ ते घरातल्या सगळ्यांनी सारखेच द्यावे. आठवडे उलटूनही झोप, जेवण आणि बोलणे पूर्वपदावर येत नसेल, किंवा जगणेच नको अशी भाषा येत असेल, तर ती हट्टाची गोष्ट समजू नये. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, आणि घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

पुन्हा अर्ज करायचा तर फाइलमध्ये काहीतरी खरोखर बदललेले असले पाहिजे. तेच हेतुपत्र, तीच शिफारसपत्रे आणि तीच दहा विद्यापीठांची यादी पुढच्या वर्षी पाठवली तर उत्तरही सहसा तेच येते. बदलण्यासारखे पुष्कळ असते. यादीत सर्वांत वरची नावे कमी करून विषयाला नेमके जुळणारे विभाग घ्यावेत. ‘विद्यार्थी हुशार व आज्ञाधारक आहे’ अशा शिफारसीऐवजी ज्या शिक्षकाने प्रकल्प जवळून पाहिला त्याचे पत्र घ्यावे. विभागप्रमुखाच्या सहीपेक्षा ते वजनदार ठरते. हेतुपत्रात लहानपणापासूनची आवड सांगण्याऐवजी कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे आणि त्यासाठी आजवर काय केले ते लिहावे. वर्षभर नोकरी, संशोधन साहाय्यक म्हणून काम किंवा इथल्याच विद्यापीठात एम.एस्सी.चे पहिले वर्ष केले, तर ते वर्ष रिकामे दिसत नाही. येमेन, सुदान अशा देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षे या शहरात शिकायला येत आले आहेत. परदेशी विद्यार्थी म्हणून कागद जमवणे, फी भरणे आणि परवान्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना विचारले तर पुष्कळ कळते. आणि जाणे थांबवणे हाही निर्णय असू शकतो. घर गहाण ठेवून जायचे असेल आणि मिळालेल्या अभ्यासक्रमातून ते कर्ज फिटण्याची शक्यता दिसत नसेल, तर न जाणे हेच बरोबर आहे.

एक काम मात्र एकट्या विद्यार्थ्याचे नाही. शहरात दर उन्हाळ्यात चौकाचौकांत परदेशी प्रवेश मिळालेल्यांच्या अभिनंदनाचे फलक लागतात. ज्यांना नकार मिळाला त्यांची नोंद कुठेच राहत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी फलक पाहून अंदाज बांधतो आणि चुकतो. महाविद्यालयांनी दरवर्षी एक साधी वही ठेवावी. नाव न लिहिता विषय, गुण, कुठे अर्ज केला, काय उत्तर आले आणि त्याचे जे कारण कळले ते त्यात लिहावे, आणि ती वही ग्रंथालयात कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी. परदेशातून शिकून परतलेल्यांनी सत्काराच्या भाषणात आपल्याला मिळालेले नकारही सांगावेत. अमेरिकी विद्यापीठांचे पुढच्या शरद सत्राचे अर्ज साधारण सप्टेंबरपासून खुले होतात. ती वही त्याआधी, जुलैमध्ये सुरू करता येईल.